फ्रीमाँट : माणसं तीच, लाइन नवी

१९८२ च्या मार्चमध्ये जनरल मोटर्सने कॅलिफोर्नियातला फ्रीमाँटचा मोटार कारखाना बंद केला, तेव्हा डेट्रॉइटच्या मुख्यालयात फारसं कुणी हळहळलं नसावं. सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या पूर्व काठावरचा हा कारखाना साठच्या दशकाच्या सुरुवातीला उभा राहिला आणि वीस वर्षांत त्याने कंपनीभर स्वतःचं नाव खराब करून घेतलं. पाचातला एक कामगार दांडी मारलेला असायचा. सोमवारी सकाळी जोडणीची लाइन सुरू करायला पुरेशी माणसंच नसत, मग रस्त्यापलीकडच्या बारमधून माणसं उचलून आणावी लागत, असं तिथे काम केलेल्यांनी पुढे सांगितलं आहे. दारू, जुगार, अमली पदार्थ सगळं आवारातच चाले. युनियनचे तक्रार अर्ज हजारोंनी साठत आणि अनधिकृत संप अधूनमधून होतच.

या कारखान्यात एकच नियम सगळे पाळत. लाइन थांबवायची नाही. कामगार चक्कर येऊन पडला तरी नाही, इंजिन उलटं बसलं तरी नाही. चुकीची जोडलेली गाडी तशीच पुढे सरके, शेवटी मागच्या मैदानात जाई आणि तिथे दुरुस्तीवाले ती पुन्हा उसवून जोडत. लाइन थांबली की मिनिटाला किती डॉलर बुडाले याचा हिशोब फोरमनच्या माथी येई. मैदानात उभ्या असलेल्या सदोष गाड्यांचा हिशोब मात्र कुणाच्याच माथी येत नसे. चिडलेले कामगार दाराच्या आत रिकाम्या बाटल्या टाकून पत्रा बंद करत. गाडी घेणाऱ्याला पुढे वर्षानुवर्षं खडखड ऐकू येई आणि ती कुठून येते ते काही केल्या कळत नसे.

दोनेक वर्षांनी त्याच इमारतीत, त्याच युनियनच्या, बहुतांशी त्याच कामगारांच्या हातून अशा मोटारी बाहेर पडू लागल्या की त्यांचा दर्जा टोयोटाच्या जपानमधल्या कारखान्याच्या बरोबरीने मोजला गेला. अमेरिकेच्या औद्योगिक इतिहासात या प्रसंगाची चर्चा फार झाली आहे आणि बरेचदा ती भाबडेपणाने झाली आहे. जपानी शिस्त आली आणि आळशी कामगार सुधारले, असा तिचा सूर असतो. प्रत्यक्षात फ्रीमाँटमध्ये जे आलं त्याच्या मुळाशी तीस वर्षांपूर्वीचा एक संप होता, एक राजीनामा होता आणि कामगारांना दिलेला एक शब्द होता.

टोयोटाच्या पद्धतीचा जन्म कडकीत झाला. १९४५ मध्ये जपान हरला तेव्हा देशात ना धड पोलाद होतं, ना परकीय चलन, ना गाड्या घेणारं गिऱ्हाईक. अशा अवस्थेत टोयोटा मोटरचे संस्थापक किइचिरो टोयोडा यांनी तीन वर्षांत अमेरिकेला गाठायचं असं उद्दिष्ट ठेवलं. एका अमेरिकन कामगाराइतकं काम करायला नऊ जपानी लागतात, असं त्या काळी बोललं जाई. मशीन शॉप सांभाळणाऱ्या ताइइची ओनो यांनी हा आकडा मनावर घेतला. अमेरिकन माणूस काही नऊपट ताकद लावत नसणार, असा त्यांचा तर्क होता. तेव्हा आपल्याकडे बहुतेक श्रम कुठेतरी वाया जात असले पाहिजेत, आणि ते कुठे जातात हे शोधायला हवं.

ओनो मोटारीच्या धंद्यात मुरलेले नव्हते. ते टोयोडा घराण्याच्या कापड गिरणीतून आले होते. तिथे एकेक बाई अनेक मागांवर लक्ष ठेवी, कारण धागा तुटला की किइचिरोंचे वडील साकिची टोयोडा यांचा स्वयंचलित माग आपोआप थांबे. सदोष कापड विणत बसण्यापेक्षा थांबलेला माग परवडला, हे तिथलं व्यवहारज्ञान होतं. ओनोंनी ते लेथवर आणलं. एका कारागिराकडे दोन यंत्रं दिली, मग तीन. जुने कारागीर खवळले. एकाच यंत्रावर आयुष्य काढून हात तयार झालेल्या माणसाला दुसऱ्या यंत्राशी नेऊन उभं करणं हा त्यांना अपमान वाटला, आणि तसं वाटण्यात काही वावगं नव्हतं.

१९४९ मध्ये जपानवर ताबा असलेल्या अमेरिकेने तिथली महागाई आवरायला जोसेफ डॉज नावाच्या बँकरला पाठवलं. हा गृहस्थ डेट्रॉइटचाच. त्याने सरकारी खर्च आणि कर्जपुरवठा असा काही आवळला की मोटारी विकल्या जाईनात आणि विकलेल्यांचे पैसे येईनात. टोयोटा दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली. बँक ऑफ जपानच्या नागोया शाखेने पुढाकार घेऊन इतर बँकांकडून कर्ज उभं केलं, पण त्याबरोबर खर्च कापण्याच्या अटीही आल्या. कामगार कपात करणार नाही असं किइचिरो म्हणत आले होते. १९५० च्या वसंतात कंपनीला सुमारे १,६०० लोक कमी करण्याचा प्रस्ताव मांडावा लागला. एप्रिलमध्ये सुरू झालेला लढा जूनमध्ये संपला. सुमारे दोन हजार लोक गेले आणि शब्द मोडल्याची जबाबदारी घेऊन किइचिरोंनीही अध्यक्षपद सोडलं. त्यानंतर काही आठवड्यांतच कोरियन युद्ध पेटलं आणि अमेरिकन सैन्याने टोयोटाकडे ट्रकची मागणी नोंदवली. कंपनी तरली, पण किइचिरो १९५२ मध्ये वारले. त्यांना पुन्हा त्या खुर्चीत बसता आलं नाही.

या प्रकरणाने दोन गोष्टी घडवल्या. ट्रकची मागणी वाढली तरी नवी भरती शक्यतो टाळायची, आहे त्या माणसांत काम वाढवायचं, हे व्यवस्थापनाच्या अंगवळणी पडलं. आज भरती केली तर उद्या कपात करावी लागेल, ही धास्ती होती. दुसरीकडे, उरलेल्या कामगारांशी हळूहळू एक समझोता झाला. नोकरी जन्मभराची, मोबदल्यात कामाची अदलाबदल मुकाट्याने स्वीकारायची. १९६२ मध्ये कंपनी आणि युनियनने संयुक्त घोषणापत्रावर सह्या करून त्याला औपचारिक रूप दिलं. पुढे टोयोटाच्या पद्धतीवर लिहिलेल्या, जगभर गेलेल्या पुस्तकांत कार्ड, फळे, पेट्या आणि पिवळे दिवे भरपूर आले. हा समझोता तळटिपेत गेला.

याच पायावर ओनो वीस वर्षं एकेक वीट रचत गेले. अमेरिकेतल्या सुपरमार्केटबद्दल त्यांनी ऐकलं होतं. गिऱ्हाईक लागेल तेवढंच उचलतं आणि रिकामी झालेली जागा दुकानदार भरतो. कारखान्यात त्यांनी हेच लावलं. पुढच्या टप्प्यावरचा माणूस मागच्याकडून लागेल तेवढेच भाग घेईल, आणि पेटीबरोबरचं कार्ड परत येईपर्यंत मागचा नवा माल करणार नाही. हेच ते कानबान. वाया जाणाऱ्या श्रमाचे त्यांनी सात प्रकार मोजले. जास्तीचं उत्पादन, वाट पाहणं, उगाच वाहतूक, गरजेपेक्षा जास्त प्रक्रिया, साठा, उगाच हालचाल आणि सदोष माल. त्यांत जास्तीचं उत्पादन त्यांना सर्वांत घातक वाटे, कारण बाकी सगळे दोष त्याच्या ढिगाखाली झाकले जातात. नव्या इंजिनिअरला खडूच्या वर्तुळात उभं करून तासन्‌तास फक्त लाइन बघायला लावत, असं त्यांच्याबद्दल सांगतात. १९७३ च्या तेलसंकटात जपानी उद्योग कोसळत असताना टोयोटा इतरांआधी सावरली, तेव्हा कुठे जपानमध्येच या पद्धतीकडे लोकांचं लक्ष गेलं. अमेरिकेला अजून पत्ताही नव्हता.

अमेरिकेला पत्ता लागला तो १९७९ च्या दुसऱ्या तेलसंकटानंतर. पेट्रोल भडकलं, लहान जपानी गाड्या भराभर खपू लागल्या, डेट्रॉइटमध्ये लाखो कामगार घरी बसले. १९८१ मध्ये जपानने अमेरिकेच्या दबावाखाली वर्षाला १६ लाख ८० हजारांपेक्षा जास्त मोटारी पाठवणार नाही असं ‘स्वेच्छेने’ कबूल केलं. आता अमेरिकेतच कारखाना काढणं भाग होतं. होंडाने ओहायोत आणि निस्सानने टेनेसीत नव्या जागी, नवे कामगार घेऊन सुरुवात केली. टोयोटा जात्याच सावध. अमेरिकन कामगार आणि अमेरिकन पुरवठादार घेऊन आपली पद्धत चालेल का, हे तिला भागीदाराच्या घरात तपासून पाहायचं होतं. फोर्डशी बोलणी फिसकटली. जनरल मोटर्सला नफ्यात लहान गाडी बनवता येत नव्हती आणि फ्रीमाँटला कुलूप लागलेलं होतं. कंपनीचे अध्यक्ष रॉजर स्मिथ आणि टोयोटाचे आयजी टोयोडा यांच्यात १९८३ च्या फेब्रुवारीत करार झाला. मक्तेदारीविरोधी कायद्याची छाननी झाली, क्रायस्लरने कोर्टात धाव घेतली, तरीही १९८४ मध्ये ‘न्यू युनायटेड मोटर मॅन्युफॅक्चरिंग’ ही कंपनी उभी राहिली. लोक तिला नुम्मी म्हणू लागले. किइचिरोंचे धाकटे चिरंजीव तात्सुरो टोयोडा तिचे पहिले अध्यक्ष झाले.

खरी अडचण युनियनची होती. टोयोटाला युनायटेड ऑटो वर्कर्स ही मोटार कामगारांची युनियन नकोच होती आणि फ्रीमाँटची शाखा तर मुळीच नको होती. माजी कामगारमंत्री विल्यम युसरी यांनी मध्यस्थी केली. ठरलं असं की कंपनी युनियनला मान्यता देईल आणि भरती मुख्यतः जुन्या कामगारांतून करेल. युनियन आपल्या बाजूने कामाच्या वर्गवाऱ्यांचा हट्ट सोडेल. जुन्या कारखान्यात डझनावारी वर्गवाऱ्या होत्या. एका वर्गाच्या माणसाने दुसऱ्याचा पाना उचलला तरी तक्रार दाखल होई. नव्या कारखान्यात उत्पादनातल्या सगळ्यांचा एकच वर्ग आणि कुशल कारागिरांचे मोजके दोन-तीन वर्ग राहणार होते. वेगळं उपाहारगृह, राखीव पार्किंग असले साहेबी थाट गेले. आणि करारात एक कलम आलं. कंपनीच्या अस्तित्वावरच बेतल्याशिवाय कुणालाही कामावरून कमी केलं जाणार नाही. तशी वेळ आलीच तर आधी वरिष्ठांचे पगार कापायचे, बाहेर दिलेली कामं परत आत आणायची, आणि मगच कामगारांकडे वळायचं. १९५० चा धडा कलमाच्या रूपाने कॅलिफोर्नियात पोहोचला होता.

भरती झालेल्या सुमारे २,२०० कामगारांपैकी ऐंशी टक्क्यांहून जास्त जुने होते. जुने पुढारी तर जवळपास सगळे आले. टीम लीडर आणि ग्रुप लीडर म्हणून निवडलेल्या शेकडो जणांना तुकडी-तुकडीने जपानमध्ये टोयोटाच्या ताकाओका कारखान्यात सुमारे तीन आठवड्यांसाठी पाठवलं. ज्यांनी आयुष्यात देशाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं, ते तिथे कोरोलाच्या लाइनवर उभे राहिले. त्यांना सगळ्यांत धक्कादायक वाटलं ते एवढंच की चूक झाली तर शेजारचा माणूस मदतीला येतो आणि लाइन थांबली तरी कुणी ओरडत नाही. उलट हे काम तुला सोपं कसं करून देऊ, असं विचारतात. तीन आठवडे संपल्यावर यजमानांचा निरोप घेताना काही दांडगे गडी चक्क रडले, हे त्यांनीच पुढे सांगितलं आहे.

१९८४ च्या डिसेंबरमध्ये पहिली शेवरोले नोव्हा बाहेर पडली. टोयोटाने नवं प्रेस शॉप बांधलं, बॉडी शॉपमध्ये वेल्डिंगचे रोबो आणले. पण जोडणीची लाइन पूर्वीसारखीच हातांवर चालणारी होती. सीट, डॅशबोर्ड, दारं, वायरिंग, चाकं बसवायची ती पाना आणि हवेवरची पिस्तुलं घेतलेल्या माणसांनीच. बदल झाला तो या माणसांच्या भोवती.

लाइनच्या कडेने सगळीकडे एक दोर टांगलेला असे. समजा, दाराचा बोल्ट आडवा गेला. कामगार दोर ओढतो. ठरलेली धून वाजते, डोक्यावरच्या फळ्यावर त्याच्या जागेचा क्रमांक पिवळा उजळतो, टीम लीडर धावत येतो. गाडी मात्र पुढे सरकतच असते. फरशीवर त्या कामाची हद्द आखलेली असते आणि गाडी त्या रेघेपर्यंत पोहोचायच्या आत बोल्ट नीट झाला तर टीम लीडर दोर पुन्हा ओढतो आणि लाइनला खीळ बसत नाही. नाहीच जमलं तर रेघेवर लाइन थांबते. बहुतेक वेळा दोर ओढल्यावर लाइन थांबतच नाही, म्हणूनच तो दिवसभरात बिनधास्त ओढता येतो. पूर्वी जे पाप होतं ते आता कामाचा भाग झालं. दोष जिथे झाला तिथेच, ज्याच्या हातून झाला त्याच्यासमोर, सापडू लागला. मागच्या मैदानातला सदोष गाड्यांचा तळ हटला, कारण तिथे पाठवायला काही उरलंच नाही.

दुसरा बदल स्टॉपवॉचचा. जुन्या कारखान्यात टाइम-स्टडी करणाऱ्या इंजिनिअरांचा स्वतंत्र विभाग होता. ते घड्याळ घेऊन आले की कामगार मुद्दाम संथ काम करी, ते गेले की त्याला जमेल तसं करी, आणि वेळापत्रकातलं काम व प्रत्यक्षातलं काम यांची कधी गाठ पडत नसे. नुम्मीत हे घड्याळ टीमच्याच हाती दिलं. चार-सहा जणांची टीम आपसांत वेळ मोजे, कुठली हालचाल वाया जाते ते पाही. सगळ्यांत चांगली रीत ठरवून ती कागदावर उतरवी आणि मग दोन्ही पाळ्यांत तीच रीत चाले. उजव्या हाताने स्क्रू उचलताना पाऊल किती टाकावं लागतं, पेटी कमरेच्या उंचीवर आणली तर किती सेकंद वाचतात, डाव्या दाराचा आणि उजव्या दाराचा क्लिप एकमेकांत मिसळू नये म्हणून रॅक कसा ठेवायचा, असल्या बारीकसारीक गोष्टींचं हे शास्त्र होतं. अमेरिकन अभ्यासक पॉल अ‍ॅडलर यांनी नुम्मीत जाऊन याचा अभ्यास केला. त्यांना नवल वाटलं ते याचं की फ्रेडरिक टेलरची जी वेळ-हालचाल मोजणी कामगार चळवळीने वर्षानुवर्षं शिव्या घालत नाकारली, तीच इथे कामगार स्वतः करत होते. १९९१ पर्यंत सूचना देणाऱ्या कामगारांचं प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर गेलं आणि वर्षभरात दहा हजारांहून जास्त सूचना आल्या. त्यांतल्या बहुतेक अमलातही आल्या.

आपल्याकडे चाकण-पिंपरीच्या शॉपफ्लोअरवर कायझेन (लहानसहान सुधारणा), फाइव्ह-एस (नीटनेटकेपणा), पोका-योके (चूक होऊच न देणारी युक्ती) हे शब्द आज मराठीच झाले आहेत. महिन्याला प्रत्येकी इतके कायझेन भरा असं फर्मान निघतं आणि शेवटच्या तारखेला तक्ते भरले जातात. फ्रीमाँटच्या दहा हजार सूचनांकडे पाहताना आधी हा प्रश्न विचारावा लागतो की एखाद्या कामगाराने पाच जणांचं काम चार जणांत बसवायची युक्ती सांगितली, तर पाचव्याचं काय झालं? नुम्मीत पाचवा सुधारणेच्या कामाला लावला जाई किंवा टीम लीडर म्हणून तयार केला जाई. घरी पाठवला जात नसे. निदान तसा शब्द दिलेला होता.

परिणाम आकड्यांत आले. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या जागतिक मोटार उद्योग संशोधनात १९८६-८७ च्या सुमारास तीन कारखान्यांची तुलना झाली. जनरल मोटर्सच्या फ्रेमिंगहॅममध्ये एका गाडीच्या जोडणीला ३१ तास लागत, ताकाओकात १६ आणि फ्रीमाँटमध्ये १९. शंभर गाड्यांमागे दोष फ्रेमिंगहॅमला सुमारे १३०, ताकाओकाला ४५ आणि फ्रीमाँटलाही ४५. सुट्या भागांचा साठा फ्रेमिंगहॅममध्ये दोन आठवड्यांचा, फ्रीमाँटमध्ये दोन दिवसांचा, ताकाओकात अवघ्या दोन तासांचा. हे मोजमाप करणारा जॉन क्राफचिक हा तरुण नुम्मीने घेतलेला पहिला अमेरिकन इंजिनिअर होता. १९८८ च्या एका लेखात त्यानेच या पद्धतीला ‘लीन’ हे नाव दिलं. फ्रीमाँटमधली गैरहजेरीही दोन-तीन टक्क्यांवर आली.

शब्दाची कसोटी लवकरच लागली. १९८८ च्या सुमारास नोव्हाचा खप बसला आणि कारखाना क्षमतेच्या साठ टक्क्यांच्याही खाली चालू लागला. त्या काळच्या कुठल्याही अमेरिकन कारखान्यात हजारभर लोकांना कामावरून काढल्याच्या गुलाबी चिठ्ठ्या मिळाल्या असत्या. इथे कुणालाच मिळाली नाही. लाइनचा वेग कमी केला, मोकळ्या झालेल्यांना प्रशिक्षण दिलं, कारखाना रंगवायला, यंत्रांची डागडुजी करायला, बाहेर दिलेली कामं करायला लावलं. माझ्या मते नुम्मीच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा प्रसंग आहे, पहिली गाडी बाहेर पडण्यापेक्षाही मोठा. कामगारांनी तोवर करार वाचला होता. त्यावर विश्वास बसला तो या मंदीत.

सगळंच गोड होतं असं मात्र नाही. पूर्वी अमेरिकन लाइनवर मिनिटातले सुमारे ४५ सेकंद काम आणि उरलेला वेळ उसंत, असं प्रमाण असे. नुम्मीत साठातले ५७ सेकंद हात चालत. माइक पार्कर आणि जेन स्लॉटर या कामगार चळवळीतल्या लेखकांनी याला ताणातून केलेलं व्यवस्थापन म्हटलं. साठा कमी, माणसं मोजकी, एक जण गैरहजर राहिला की टीममधल्या बाकीच्यांवर भार, त्यामुळे आजारी माणसावर डोळे वटारणारे त्याचेच सोबती. या टीकेत दम होता. युनियनमध्ये पीपल्स कॉकस नावाचा विरोधी गट उभा राहिला आणि निवडणुकांत त्याने जागाही जिंकल्या. १९९३ च्या नव्या मॉडेलच्या वेळी तर कामाची मांडणी इतकी घाईत झाली की हात, खांदे आणि मनगटं दुखावल्याच्या तक्रारी वाढल्या आणि कॅलिफोर्नियाच्या कामगार सुरक्षा यंत्रणेने कंपनीला नोटीस बजावली. त्यानंतर शरीरावर पडणाऱ्या ताणाचा विचार नव्या मॉडेलच्या आखणीतच करायचं ठरलं. पण ती नोटीस यावी लागली हे विसरता येत नाही. आणि टोयोटा असली म्हणजे कामगार सुखी, हेही गृहीत धरू नये. किर्लोस्करांच्या भागीदारीत बंगळुरूजवळ बिडदीला उभ्या राहिलेल्या कारखान्यात २०२० च्या नोव्हेंबरमध्ये कामाच्या बोजावरून आणि निलंबनांवरून संप आणि टाळेबंदी झाली, ती कित्येक आठवडे चिघळली.

जनरल मोटर्स काय शिकली, ही या कथेतली खरी शोकांतिका. शिकण्यासाठीच तिने हा घाट घातला होता. फ्रीमाँटला सोळा तरुण व्यवस्थापक पाठवले, ते शिकलेही. पण ते परत आपापल्या विभागांत विखुरले तेव्हा त्यांचं ऐकायला कुणी नव्हतं. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या व्हॅन नाइस कारखान्यात टीम पद्धत लादायचा प्रयत्न झाला. दोर टांगले गेले, पण दोर ओढणाऱ्यावर सुपरवायझर खेकसतच राहिले, आणि कारखाना बंद करण्याची टांगती तलवार दाखवून सहकार्य मागितलं गेलं. युनियन दुभंगली. १९९२ मध्ये तो कारखाना बंदच झाला. दरम्यान रॉजर स्मिथ अब्जावधी डॉलर रोबोंवर ओतत होते. डेट्रॉइटच्या हॅमट्रॅम्क इथल्या चकचकीत कारखान्यात यंत्रं एकमेकांवर रंग उडवत असल्याचे किस्से वर्तमानपत्रांत गाजले. हातांनी चालणाऱ्या फ्रीमाँटने जे साधलं ते पैसे ओतूनही हॅमट्रॅम्कला साधत नव्हतं. कंपनीचे इंजिनिअर फ्रीमाँटला येऊन फळे, पेट्या आणि दिव्यांचे फोटो काढून नेत. फळे बसवणं सोपं होतं. फोरमनकडून लाइनवरचा हक्क काढून कामगाराला देणं, पुरवठादारांशी दरमहा घासाघीस सोडणं आणि नोकरीची हमी देणं यासाठी मुख्यालयातल्या माणसांना बदलावं लागलं असतं. नव्वदच्या दशकात जर्मनीतल्या आयझेनाखसारख्या नव्या कारखान्यांत जनरल मोटर्सने ते करून दाखवलं, पण जुनं घर तोवर फार पोखरलं होतं.

१ जून २००९ ला जनरल मोटर्सने दिवाळखोरी जाहीर केली आणि त्याच महिन्यात नुम्मीतून अंग काढून घेतलं. पाठोपाठ ऑगस्टमध्ये टोयोटानेही कारखाना बंद करायचं ठरवलं. एवढा मोठा जोडणीचा कारखाना टोयोटाने तोवर कधीच बंद केला नव्हता. कपातीविरुद्धचं कलम कारखानाच बंद होत असताना कामाला येत नाही. १ एप्रिल २०१० ला शेवटची लाल कोरोला बाहेर आली. पंचवीस वर्षांत जवळपास ऐंशी लाख गाड्या झाल्या होत्या. सुमारे ४,७०० लोक बेकार झाले. ज्यांनी दर्जा, हजेरी, सूचना यांपैकी कशातही कसर सोडली नव्हती, अशांचा हा कारखाना होता. चांगलं काम केलं की नोकरी टिकते हा समझोता कंपन्यांच्या वरच्या मजल्यावरून मोडला गेला आणि तेव्हा त्याची जबाबदारी घेऊन किइचिरोंसारखं कुणी खुर्ची सोडली नाही.

दोन महिन्यांच्या आतच टेस्ला या विजेच्या मोटारींच्या कंपनीने ही इमारत ४ कोटी २० लाख डॉलरना घ्यायचं ठरवलं. २०१७ मध्ये मॉडेल थ्रीच्या उत्पादनासाठी टेस्लाचे प्रमुख इलॉन मस्क यांनी इथे आजवर कुणी केलं नाही एवढं स्वयंचलन करायचं ठरवलं. लाइन अडकू लागली, आठवड्याचं उद्दिष्ट महिनोन्‌महिने हुकत राहिलं. २०१८ च्या एप्रिलमध्ये मस्क यांनी जाहीरपणे कबूल केलं की अति स्वयंचलन ही चूक झाली आणि माणसांना आपण कमी लेखलं. जूनमध्ये कारखान्याच्या आवारात मोठा तंबू ठोकून त्यात आणखी एक लाइन टाकली गेली, आणि त्या महिन्याअखेर आठवड्याला ५,००० गाड्यांचं उद्दिष्ट गाठताना काही गाड्या त्या तंबूतून, बव्हंशी हातांनी जोडून बाहेर आल्या.